ड्रायव्हर पाहिजे, नवा नको

कळंबोलीच्या स्टील मार्केटला जा, भिवंडीच्या गोदामांच्या गल्ल्यांत जा, नाहीतर चाकणला ट्रान्सपोर्टची ऑफिसं ओळीनं बसलीत तिथं जा. एक पाटी हमखास दिसते. कुठं खडूनं लिहिलेली, कुठं फ्लेक्सवर छापलेली, कुठं वहीचा कागद नुसता डिंकानं चिकटवलेला. ‘ड्रायव्हर पाहिजे.’ काहींनी खाली ‘त्वरित’ असंही लिहिलेलं असतं आणि त्या ‘त्वरित’चा रंग पार उडालेला असतो.

आत शेठ बसलेले असतात. त्यांना ‘काय म्हणतोय धंदा?’ एवढंच विचारायचा अवकाश, की पुढचा अर्धा तास आपला नाही. “माल आहे हो, गाड्या आहेत, पार्टी रोज फोन करतेय. ड्रायव्हर कुठंय? चार गाड्या यार्डात उभ्या. गाडी चालत नाही, पण बँकेचा हप्ता चालतोय ना!”

आणि त्याच वेळी बाहेर, बरोबर त्या पाटीखाली, खिशात करकरीत लायसन्स घेऊन एक ड्रायव्हर उभा असतो. शेठनी त्याला नुकतंच ‘नंतर बघू’ म्हणून वाटेला लावलेलं असतं.

माझा भाचा हा या उभ्या राहणाऱ्यांपैकी एक. त्याच्यामुळं माझा या धंद्याशी संबंध आला. एरवी ट्रकशी माझं नातं म्हणजे घाटात त्याच्यामागं अडकायचं आणि सुटका होईपर्यंत त्याच्या मागच्या फळीवरचं साहित्य वाचायचं, इतकंच.

जड वाहनाचं लायसन्स काढणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो, वयाची वीस वर्षं पूर्ण झालेली हवीत. हलक्या गाडीचं लायसन्स हातात पडून किमान एक वर्ष झालेलं हवं. डॉक्टरचा दाखला हवा. ड्रायव्हिंग स्कूलनं सही-शिक्क्यानिशी दिलेला फॉर्म पाच हवा. पूर्वी आठवी पासही असावं लागे, ती अट २०१९ साली निघाली. भाचा बी.ए. असल्यामुळं त्याला या सवलतीचा लाभ घेता आला नाही.

नियमाप्रमाणं हे शिक्षण तीस दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान पंधरा तास. ऐकायला बरं वाटतं. पण स्कूलचा तो ट्रक एकदा बघा. तो कायम रिकामा असतो. मागच्या हौद्यात आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेले चार-पाच विद्यार्थी, हाच त्याचा माल. तो घाट चढत नाही, कारण डिझेल मास्तरांचं असतं. तो रात्री निघत नाही, कारण मास्तर रात्री झोपतात. शिवाय मास्तरांच्या पायाखाली दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक असतो. त्यामुळं पंधरा तासांतले किती तास आपण चालवला आणि किती मास्तरांनी, याचा हिशेब शेवटपर्यंत लागत नाही. मग आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढायचा, रिव्हर्स दाखवायचा, साहेबांनी मान डोलावली की घरी यायचं. काही दिवसांनी पोस्टमन कार्ड आणून देतो.

त्या कार्डाची ताकद भारी आहे. पूर्वी मध्यम माल, जड माल, मध्यम प्रवासी, जड प्रवासी असे वेगवेगळे वर्ग होते. १९९४ च्या दुरुस्तीनं ते मोडून ‘ट्रान्सपोर्ट व्हेइकल’ असा एकच वर्ग केला. म्हणजे कायद्याच्या लेखी भाचा आता आयशरही चालवू शकतो आणि सोळा चाकी मालट्रकही. सरकारनं त्याच्यावर एवढा विश्वास टाकला. माझ्या बहिणीनं मात्र त्याला त्याच आठवड्यात बजावलं, की माझ्या स्कूटीला हात लावायचा नाही.

पेढे वाटून झाले आणि भाचा कऱ्हाडहून कळंबोलीला आला. पहिल्या शेठपुढं मी त्याच्यासोबत होतो. तेवढीच मामाची सोबत.

“लायसन्स कधीचं?”

“परवाच आलं, शेठ.”

शेठनी कार्ड दोन बोटांत कडेनं धरलं. शाई हाताला लागेल अशी धास्ती त्यांना वाटली असावी.

“अनुभव?”

“नोकरी लागली की होईल.”

उत्तर तर्काला धरून होतं. बी.ए.ला त्याचा तर्कशास्त्र विषय होता. पण शेठचा नव्हता.

“हे बघ बाळा, गाडी माझी चाळीस लाखांची. तिच्यात माल दुसऱ्याचा. तू तीनेक वर्षं कुठंतरी चालवून ये. मग खुशाल ये, आपलंच ऑफिस आहे.”

“कुठं चालवू, शेठ?”

“कुणाचीही चालव. दुसऱ्याची चालव.”

या ‘दुसऱ्या’चा मी बराच शोध घेतला. कळंबोलीचे शेठ सांगतात, भिवंडीला जा, तिकडं नवीन पोरं घेतात. भिवंडीचे सांगतात, छे, आमच्याकडं गल्ल्या अरुंद, तू चाकणला जा. चाकणचे म्हणतात, आमच्याकडं कंपनीचा माल, एक ओरखडा पडला तरी पैसे कापतात, तू कळंबोलीला का नाही बघत? नव्या पोराला पहिली गाडी देणारा, त्याच्या हातून पहिला आरसा फुटू देणारा, पहिलं बंपर वाकवून घेणारा आणि तीन वर्षांनी तयार ड्रायव्हर हसतमुखानं दुसऱ्याच्या स्वाधीन करणारा असा एक पुण्यात्मा महाराष्ट्रात कुठंतरी राहतो, यावर सगळ्या ट्रान्सपोर्ट व्यवसायाची श्रद्धा आहे. त्याचा पत्ता मात्र कुणाकडंच नाही.

मुलाखती होतात, नाही असं नाही. पण प्रश्न असे, की स्कूलचे मास्तरही नापास व्हावेत. ताडपत्री बांधता येते का? रस्सीला कुठली गाठ मारशील, जी रात्रभर पावसात सुटणार नाही आणि सकाळी हमालाला एका हिसक्यात सुटेल? टायरवर पान्हा मारून आवाजावरून हवा सांगता येते का? भरलेल्या गाडीला एव्हरेज किती काढशील? इथं भाचा जरा खुलला. त्याची मोटारसायकल साठाचं देते, म्हणून ट्रकला त्यानं अंदाजानं पंधरा सांगितलं. भरलेला मोठा ट्रक लिटरमागं साडेतीन-चार किलोमीटर गेला तरी मालक खूश असतो. पंधरा ऐकून शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं, हे विचारायचं धैर्य आम्हाला झालं नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी विचारलं, “युरिया कधी टाकायचा, माहितीये का?”

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाच्या गाड्या आल्या. त्यांच्या धुराची घाण कमी करायला डिझेलच्या टाकीशेजारी एक वेगळी टाकी असते आणि तिच्यात युरियाचं पाणी भरावं लागतं. ते संपलं की गाडीचा जोर उतरतो. हे लाइनवरच्या कुणालाही ठाऊक. पण स्कूलचा ट्रक या शोधाच्या कितीतरी आधी जन्मलेला. भाच्याच्या सात पिढ्या उसाच्या. तो आत्मविश्वासानं म्हणाला, “लागणीनंतर दीड महिन्यानं, शेठ. सरीला ओल बघून.” त्या ऑफिसात अजून ही गोष्ट सांगून पाहुण्यांना चहा पाजतात, असं ऐकतो.

आणखी एक प्रश्न हमखास असतो. “लग्न झालंय का?” लग्न झालेला माणूस गाडी सोडून पळत नाही, घरी पैसे पाठवायचे म्हणून फेरी चुकवत नाही, असा यामागचा विचार. विचारात चूक काही नाही. अडचण एवढीच की भाच्याला बघायला आलेले पाहुणे पहिला प्रश्न विचारतात, “नोकरी काय करता?” म्हणजे बायको मिळाली तर नोकरी आणि नोकरी मिळाली तर बायको. ‘ड्रायव्हर’ हा शब्द ऐकून उरलेले पाहुणे पोहे अर्धे टाकून उठतात, ती गोष्ट वेगळी.

एका शेठनी मात्र मोठं मन केलं. म्हणाले, “ट्रायल दे. तो ट्रेलर रिव्हर्स घेऊन शेडला लाव.” चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर. आपण चारचाकी मागं घेताना ज्या बाजूला जायचं त्या बाजूला स्टिअरिंग फिरवतो. ट्रेलरला उलटं. मागचं धूड उजवीकडं न्यायचं तर स्टिअरिंग आधी डावीकडं, आणि ते वळायला लागलं की लगेच उलट पकडायचं, नाहीतर पुढचा घोडा आणि मागचा ट्रेलर एकमेकांकडं तोंड करून उभे राहतात. यार्डातले हमाल, चहावाला, वॉचमन, पंक्चरवाला असे सगळे जमले. यातल्या एकाकडंही लायसन्स नव्हतं आणि सगळे एकाच वेळी सांगत होते. “येऊ दे, येऊ दे, काट, काट, उलटी काट, अरे सुलटी!” भाच्यानं सगळ्यांचं ऐकलं. भल्या घरचा मुलगा आहे. शेवटी गाडी यार्डात आडवी झाली, येणारी-जाणारी दोन्हीकडची वाट बंद पडली आणि ती मोकळी करायला ज्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला झोपेतून उठवून आणलं, त्यानं चहाचा ग्लास एका हातात धरून तो ट्रेलर शेडला लावला. खाली उतरताना भाच्याच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, “होतं रं. मलाबी चार वर्सं लागली.”

मी त्या म्हाताऱ्याला गाठलं. ही चार वर्षं त्यानं कुठं काढली, हे मला विचारायचं होतं.

पण त्याआधी शेठच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे मामानं केलेली वकिली ठरेल. शेठ घाबरतो ते उगाच नाही. बोरघाट, कसारा, खंबाटकी ही नावं माल भरलेल्या गाडीत बसून घेतली की वेगळी ऐकू येतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडं उतरताना किती गाड्यांचे ब्रेक गेले, हे आपण पेपरात वाचत आलोच आहोत. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं, मग सारखा ब्रेकवर पाय मारायचा, टाकीतली हवा उतरते, ड्रम तापतात, आणि पुढं सिग्नलला माणसं थांबलेली असतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हे जुने लोक सांगत. रिकामा ट्रक मैदानात आठच्या आकड्यात फिरवून हे पायाला कळत नाही. तेव्हा कोऱ्या पोराच्या हातात तीस टन देऊन त्याला खंबाटकीत सोडणारा मालक मलाही नको. मी त्याच रस्त्यानं गावी जातो.

तर म्हाताऱ्यानं ती चार वर्षं काढली होती डाव्या सीटवर. क्लीनर म्हणून.

ट्रकच्या धंद्यातलं खरं विद्यापीठ ते होतं. पोरगं पंधरा-सोळा वर्षांचं असताना गावातला कुणी ड्रायव्हर त्याला उचलून आणी. काच पुसायची, पाणी भरायचं, स्टोव्हवर डाळ लावायची, टायर बदलायचा, चढावर गाडी थांबली की उडी मारून चाकाखाली दगड द्यायचा, माल भरताना पोती मोजायची, चेकनाक्यावर कागद घेऊन धावायचं, रात्री मालावर झोपून पहारा करायचा. उस्तादाचा पान्हा फक्त नट-बोल्टालाच लागायचा असं नाही, आणि पगार बऱ्याचदा ‘जेवतोस ना?’ एवढाच असायचा. त्या दिवसांचे गोडवे गायचं मला काही कारण नाही. पण डावीकडं बसून ते पोरगं रोज बघत असे, घाटाच्या तोंडाशी उस्ताद कुठला गिअर टाकतो, समोरच्या गाडीचा डिपर बघून काय ओळखतो, झोप यायला लागली की कुठं थांबतो. मग एखाद्या पहाटे, रिकाम्या गाडीनं परतताना, सरळ रस्त्यावर उस्ताद म्हणे, “घे जरा.” लायसन्सचा तेव्हा पत्ता नसायचा, म्हणजे कायद्यानं तो गुन्हाच. पुढं काही वर्षांनी उस्ताद शेठना सांगे, “पोरगं तयार झालंय.” संपलं. या एका वाक्यावर गाडी मिळे. फॉर्म पाच त्याच्यापुढं काय आहे?

ही डावी सीट हळूहळू रिकामी होत गेली. पॉवर स्टिअरिंग आलं, ट्यूबलेस टायर आले, पंक्चर कमी झाली. जीएसटीनंतर राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. २०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला, टोलच्या खिडकीत हात घालणाऱ्याचं काम गेलं. राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर दोन ड्रायव्हर असलेच पाहिजेत असा एक नियम होता; २०१८ साली ती सक्तीही सरकारनं काढून टाकली. शेठनी हिशेब केला, एक माणूस कमी, त्याचा पगार वाचला, खोराकी वाचली. आता ड्रायव्हर एकटाच जातो. १९६१ चा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा दिवसाला आठ तास काम सांगे, पण तो कायदा ट्रकच्या केबिनमध्ये कधी चढला असं दिसलं नाही. आणि डाव्या सीटवर पाण्याचा कॅन, कांद्याची पिशवी आणि मोबाइलची चार्जिंगची वायर असते. यांतलं कुणीही चार वर्षांनी ड्रायव्हर होत नाही.

हे मी त्या पहिल्या शेठना जाऊन सांगितलं. क्लीनरचा वाचलेला पगार एका बाजूला आणि उभ्या गाड्यांचे हप्ते दुसऱ्या बाजूला, एवढं जरा मांडून बघा म्हटलं. मुनीमजी लेखणी उचलून मांडायलाही लागले होते. शेठनी त्यांच्याकडं बघितलं आणि ते चष्मा पुसायला लागले.

भाच्यानं तिथल्या तिथं तोड काढली. “शेठ, मग मला क्लीनरच ठेवा. पगार काय द्यायचा तो द्या.”

शेठ दचकले. “लायसन्सवाला क्लीनर? आणि बी.ए.? नको रे बाबा. तू टिकायचा नाहीस. आणि माझा ड्रायव्हर कशाला घेईल तुला शेजारी? उद्या तू त्याचीच गाडी घेशील.”

म्हणजे ड्रायव्हर व्हायला भाचा कमी पडतो आणि क्लीनर व्हायला जास्त होतो. बरोबर त्याच्या मापाची जागा या देशाच्या वाहतूक व्यवस्थेत अजून तयार व्हायची आहे.

मोठी नाही तर छोटी, म्हणून तो पिकअपवाल्यांकडं गेला. तिथं त्याला सर्वोच्च न्यायालय आडवं आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं निकाल दिला, की साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवायला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. निकाल चांगला आहे, अपघातानंतर विमा कंपन्या ज्यांना अडवत त्यांना त्यानं दिलासा मिळाला. पण पिकअपवाला भाच्याला म्हणाला, “तुझं जड लायसन्स घेऊन मी काय करू? कारवालं पोरगं येतंय की स्वस्तात.” पेढ्यांचे पैसे त्या क्षणी वाया गेले.

गाळपाच्या हंगामात त्यानं गावी ट्रॅक्टर चालवला. मागं दोन ट्रॉल्या, त्यांत डोंगराएवढा ऊस, कारखान्याबाहेर रात्रभर रांग. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर हे काय प्रकरण आहे, हे ज्यानं गव्हाणीपर्यंत नेलाय त्यालाच विचारा. पण कळंबोलीत शेठनी कपाळाला आठ्या घातल्या. “ट्रॅक्टर म्हणजे शेतीकाम. अनुभव सांग.”

मध्यंतरी जर्मनीचंही निघालं होतं. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, तेव्हा भाच्यानं जर्मन शिकायला घेतलं. बहिणीनं एक दिवस फोन केला, “दादा, हा झोपेत कुणाला तरी शिव्या देतोय.” आकडे पाठ करत होता.

ड्रायव्हरकीबद्दलची तिची काळजी मात्र खरी आहे. जानेवारी २०२४ मध्ये नव्या फौजदारी कायद्यातल्या, अपघात करून पळणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेविरुद्ध ट्रकवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा पेट्रोल पंपावरच्या रांगेत उभं राहून तिनं ते कलम सगळ्यांच्या तोंडून ऐकलं. ते कलम पुढं लागू न करता बाजूला ठेवलं गेलं. तिच्या डोक्यात ते लागू आहे. त्या दोन दिवसांत लोकांना ड्रायव्हर किती लागतात, तेही कळलं होतं. टाकी भरली आणि विसरले.

आता तर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. चांगलंच झालं. आत गारवा, बाहेर पाटीखाली उन्हात भाचा.

सध्या तो ओळखीच्या एकाची पिकअप चालवतो. रात्री कोबी आणि फ्लॉवर भरून वाशीच्या मार्केटला जातो, सकाळी रिकामे क्रेट घेऊन परततो. रोज खंबाटकी आणि बोरघाट आहेच. शेठच्या हिशेबात हे धरत नाहीत. चाकं चारच आहेत.

तेव्हा ट्रकमालकांनो, एवढंच करा. पाटीवरचा ‘त्वरित’ पुन्हा रंगवत बसण्यापेक्षा डाव्या सीटवरचा पाण्याचा कॅन आणि कांद्याची पिशवी मागं सरकवा आणि तिथं लायसन्स असलेलं एक पोरगं बसवा. त्याला पगार द्या, पान्हा नको. सरळ रस्त्यावर रिकामी गाडी असेल तेव्हा तुमच्या ड्रायव्हरला म्हणू द्या, “घे जरा.” आता तर ते कायद्यातही बसतं. आणि हे पोरगं डाळ-भातही लावतं. आमच्या भाच्याच्या हाताला चव आहे, हे मी लिहून देतो.